लक्ष उडणाऱ्या कुत्रीला सामूहिक वर्गात न्यावे का? येळ्ळूर रस्त्यावरील आठ रविवारांचा अनुभव

बेळगावात कुत्र्याला शिस्त लावायची म्हटले की बहुतेक लोक घरी येऊन शिकवणारा माणूस शोधतात आणि सामूहिक वर्गाचे नाव काढताच मान हलवतात. ज्यांचे कुत्रे पावलापावलाला विचलित होते, त्यांना तर अशा कुत्र्याला आणखी सहा अनोळखी कुत्र्यांमध्ये नेऊन उभे करण्याच्या कल्पनेनेच धास्ती वाटते. मलाही तशीच धास्ती होती. तरीही यंदा जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, येळ्ळूर रस्त्यालगतच्या एका मोकळ्या प्लॉटवर भरणाऱ्या वर्गाला मी आमच्या हरणीला घेऊन आठ रविवार गेले. तिथे काय मिळाले आणि काय मिळाले नाही, याची नोंद अशाच अडचणीत असलेल्यांना उपयोगी पडावी म्हणून लिहीत आहे. वर्ग चालवणाऱ्या पशुवैद्यक बाई जाहिरात करत नाहीत आणि आपले नाव कोठे येऊ नये अशी त्यांची इच्छा आहे. त्यामुळे वर्गात सगळे म्हणत तसे मीही त्यांना ‘डॉक्टर मॅडम’ एवढेच म्हणेन.

हरणी दीड वर्षाची आहे. तिची आई मुधोळ जातीची, बाप कोण ते ठाऊक नाही. पण लांब निमुळते तोंड, खोल छाती आणि धावताना पाठीची होणारी कमान पाहिली की मुधोळचे रक्त लपत नाही. घटप्रभेच्या काठच्या मुधोळ संस्थानात घोरपडे राजांनी ज्यांची निगुतीने जोपासना केली, टपाल खात्याने २००५ साली ज्यांच्यावर तिकीट काढले आणि ज्यांच्यासाठी मुधोळजवळ तिम्मापूर येथे संशोधन केंद्र आहे, ती ही कुत्री मुख्यतः नजरेवर शिकार करणारी. लांबवर शेताच्या बांधाला काही हलले की यांचे डोळे तिथे खिळतात आणि पाय डोळ्यांच्या मागोमाग निघतात. माणसाने पिढ्यानपिढ्या त्यांच्याकडून हेच काम करून घेतले आहे. त्यामुळे ‘तुमची कुत्री बिनडोक आहे’ असे जेव्हा आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी सांगितले तेव्हा मला फार वाईट वाटले. तिचे लक्ष लागते, आणि विलक्षण लागते. ते आमच्याकडे लागत नव्हते, एवढाच प्रश्न होता.

वडगावात आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग आहेत. पिल्लू असल्यापासून त्या खडखडाटात वाढल्यामुळे आवाजाचे हरणीला काही वाटत नाही, दिवाळीतल्या फटाक्यांनाही ती फारशी बिचकली नाही. मात्र गॅलरीसमोरून कावळा उडाला, दुधाचे कॅन लटकवलेली मोटारसायकल गेली किंवा समोरच्या दोरीवरची साडी वाऱ्याने हलली, की पुढे हाका मारा, खाऊ दाखवा नाहीतर पट्टा ओढा, ती मान वळवत नसे. दोनदा तिने माझ्या हातातून पट्टा हिसकावून नेला, आणि दुसऱ्या वेळी ती मुख्य रस्त्यावर बसच्या पुढ्यात गेली होती. चालकाने ब्रेक लावला म्हणून ती आज आहे. त्या दिवशी मी शिकवणी लावायचे ठरवले.

येळ्ळूर रस्त्याच्या वर्गाआधी आम्ही शहरातल्याच दुसऱ्या एका वर्गाला तीन आठवडे गेलो होतो, त्याचे नाव मी देत नाही. तिथे बारा कुत्री एकाच वेळी गोलात उभी केली जात, दोन कुत्र्यांमध्ये जेमतेम चार हातांचे अंतर असे, आणि ज्याचे लक्ष उडेल त्याच्या गळ्यातल्या साखळीच्या फासाला झटका दिला जाई. पहिल्याच दिवशी हरणीला तेरा झटके बसले. मी ते मोजले होते. तिसऱ्या आठवड्यात तिने इकडेतिकडे पाहणे सोडले आणि शिकवणाऱ्यांनी ‘बघा, सुधारली’ असे समाधानाने सांगितले. पण तिचे कान मागे चिकटले होते, शेपूट पायांत गेली होती, आणि चिकनच्या ज्या तुकड्यासाठी ती एरवी उड्या मारते तो नाकासमोर धरूनही तिने तोंड उघडले नाही. मी पंचवीस वर्षे शाळेत शिकवते आहे; भीतीने गप्प बसलेले मूल आणि ऐकण्यासाठी गप्प बसलेले मूल यांतला फरक मला कळतो. पुढे चार दिवस पट्टा हातात घेतला की हरणी पलंगाखाली जाऊन बसे. आम्ही तो वर्ग सोडला, भरलेले पैसे परत मिळाले नाहीत.

येळ्ळूर रस्त्याच्या वर्गात नाव नोंदवताना मॅडमनी सर्वात आधी लसीकरणाचे कार्ड मागितले. रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांना होणाऱ्या तिन्ही रोगांच्या लसी पूर्ण होऊन किमान दोन आठवडे झालेले असले पाहिजेत, ही त्यांची अट आहे आणि ती त्या कोणासाठीही शिथिल करत नाहीत. खानापूरहून आलेल्या एका कुटुंबाला त्यांनी त्यासाठी पुढच्या तुकडीत टाकले. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो, त्यामुळे सात घरची कुत्री एकाच मातीत वावरणार असतील तर हा आग्रह हवाच. फासाची साखळी आणि काट्यांचा पट्टा यांना तिथे मनाई आहे. साधा रुंद गळपट्टा किंवा छातीवरून येणारा हार्नेस, सहा फुटांची दोरी, नंतरच्या आठवड्यांसाठी तीस फुटांची लांब दोरी, जुन्या गोधडीचा तुकडा आणि क्लिकर, म्हणजे अंगठ्याने दाबले की ‘टक’ असा आवाज करणारी छोटी डबी, एवढेच साहित्य आणायचे होते.

पहिल्या रविवारी कुत्री घरी ठेवून फक्त माणसांनी यायचे होते, आणि हे मला फार आवडले. मॅडम चेंडू वर टाकत आणि तो जमिनीला टेकेल त्याच क्षणी आम्ही हातातले क्लिकर वाजवायचे. सुरुवातीला सात जणांचे सात आवाज मागेपुढे येत होते. अर्ध्या तासाने ते जवळजवळ एकत्र येऊ लागले. या खटाटोपाचे कारण त्यांनी नीट समजावून सांगितले. क्लिकरचा आवाज म्हणजे ‘आत्ता, या क्षणी तू जे केलेस त्याबद्दल खाऊ येतो आहे’ असा कुत्र्याला दिलेला निरोप असतो. खिशातून तुकडा काढून त्याच्या तोंडापर्यंत नेण्यात दोन-तीन सेकंद जातात, आणि तेवढ्यात हरणीसारखी कुत्री आणखी तीन गोष्टींकडे पाहून मोकळी होते; मग खाऊ नेमका कशाचा मिळाला हे तिला कळायचे कसे? ज्याचे लक्ष क्षणात उडते त्याला शिकवणाऱ्याचा हातही तितकाच तत्पर लागतो, हे मला तिथे पहिल्यांदा उमगले.

दुसऱ्या रविवारी हरणीला घेऊन प्लॉटवर पोचले तेव्हा समोर साड्या दिसल्या. बांबू रोवून, दोऱ्या ताणून जुन्या सुती साड्यांचे सात आडोसे केले होते, आणि प्रत्येक कुत्र्याला एकेका आडोशामागे जागा दिली होती. साडी हलली की हरणी बेभान होते हे मी नाव नोंदवताना फॉर्मवर लिहिले होते. जवळ जाऊन पाहते तो आमच्या आडोशाच्या खालच्या काठाला चार-चार बोटांवर खडे बांधलेले होते, कापड तसूभरही हलत नव्हते. मॅडमचा मदतनीस म्हणून काम करणारा काकतीचा तरुण पहाटे येऊन ते बांधून गेला होता. लिहून दिलेला फॉर्म कोणीतरी वाचला आहे, याचा पुरावा असा हाताला लागला तेव्हा माझी निम्मी धास्ती गेली.

या वर्गाचे सगळे मर्म अंतरात आहे. मॅडमनी त्या दिवशी मैदानाच्या टोकाला एक शांत, म्हातारी लॅब्रेडॉर कुत्री बसवली आणि मला हरणीला घेऊन तिच्या दिशेने सावकाश चालायला सांगितले. दर दोन-तीन पावलांनी थांबून तुकडा द्यायचा. साठ पावलांवर हरणी तुकडा घेत होती, पन्नासावर घेत होती, चाळिसावर तिने घेतला पण चावला नाही, तसाच गिळला. आणि पस्तिसावर तुकडा तिच्या ओठांना लागून खाली पडला तरी तिला पत्ता नव्हता. मॅडमनी मला चाळीस पावलांवर परत आणले आणि तिथे मैदान आखायच्या फक्कीने एक पांढरी रेघ मारून तिच्याशेजारी तारीख लिहिली. या रेघेच्या अलीकडे हरणी शिकू शकते, पलीकडे ती ऐकूच शकत नाही, आणि जे ऐकू येत नाही त्याबद्दल तिच्यावर चिडण्यात अर्थ नाही, असे त्या म्हणाल्या. आम्ही दीड वर्ष तिला रेघेच्या पलीकडे उभी करून हाका मारत होतो. आधीच्या वर्गाने चार हातांवर जे झटके दिले तेही तिथलेच.

त्यानंतर जे शिकवले त्यावर मी तिथल्या तिथे आक्षेप घेतला होता. हरणीने दुसऱ्या कुत्रीकडे पाहिले की लगेच क्लिक करायचे आणि खाऊ द्यायचा, असे मॅडमनी सांगितले. जी खोड मोडायची तिलाच बक्षीस द्यायचे, हे माझ्या शिक्षकी बुद्धीला पटेना. त्यांचे उत्तर असे होते की तिने पाहिले आणि तरीही ती जागेवर राहिली, याचे हे मोल आहे. पुरेशा वेळा असे झाले की ‘कुत्रा दिसला म्हणजे बाईंकडून काहीतरी मिळते’ ही गाठ तिच्या मनात बसते आणि मग ती पाहून झाल्यावर आपणहून तुमच्याकडे वळते. मला ते खरे वाटले नाही, पण घरी जाऊन आठवडाभर गॅलरीत कावळ्यांवर तोच सराव केला.

तिसऱ्या रविवारी शेजारच्या मसुराच्या शेतातून एक बगळा उठला. हरणीचे पुढचे दोन्ही पाय ताठ झाले, मान उंचावली, शेपटीचे टोक जागच्या जागी थिजले. एरवी यापुढचा क्षण म्हणजे माझ्या खांद्याला बसणारा हिसका असतो. मी अंगठा क्लिकरवर ठेवून उभी होते. आधी तिचा डावा कान माझ्याकडे वळला, फक्त कान. डोळे अजून बगळ्यावरच होते. मग कानापाठोपाठ मान वळली, आणि दोन पिवळसर डोळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. क्लिक वाजवायला मला अर्धा क्षण उशीर झाला, कारण डोळे भरून आले होते. दीड वर्षात ती बाहेर असताना मी न बोलावता माझ्याकडे वळण्याची ती पहिली वेळ होती.

चौथ्या रविवारपासून पाहणे आणि हुंगणे हेच बक्षीस म्हणून वापरायला शिकवले. पट्टा सैल ठेवून पाच पावले माझ्याबरोबर चालली की ‘जा’ म्हणून तिला ज्या झुडपाची ओढ लागली आहे तिथे न्यायचे आणि पोटभर हुंगू द्यायचे. कुत्र्याला जे मनापासून हवे असते त्याची वाट, आपल्याला हव्या असलेल्या गोष्टीतून काढून द्यायची. डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञाच्या नावाने हे तत्त्व ओळखले जाते. ‘आधी गृहपाठ, मग खेळ’ म्हणणाऱ्या प्रत्येक घरात ते आधीपासून आहे. लक्ष उडणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र त्याचे महत्त्व वेगळे आहे, कारण अशा कुत्र्याचे लक्ष जिथे जाते तीच त्याच्या आवडीची यादी असते, आणि आपण आजवर त्या यादीशी भांडत आलेलो असतो.

आता शब्दांविषयी, कारण सीमाभागातल्या घरांना हा भाग विशेष उपयोगी पडेल. पाचव्या रविवारी मॅडमनी प्रत्येक कुटुंबाला एका कागदावर विचारले की कुत्र्याला बसवण्यासाठी घरातले कोण कोणता शब्द वापरते. आमच्या कागदावर सासूबाईंचे ‘बस’, मुलाचे ‘सिट’, माझ्या यजमानांचे ‘बैठ’ आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या हुक्केरीच्या मावशींचे कन्नडमधले ‘कुंद्रु’ असे चार शब्द निघाले. त्यातही ‘बस’ हा शब्द आमच्या घरात दिवसभर हवेत असतो: पाहुण्यांना बस म्हणतो, वाढणाऱ्याला बस म्हणतो, बस आली का म्हणून विचारतो. हरणीने त्या शब्दाकडे लक्ष देणे कधीच सोडून दिले होते आणि त्यात तिची चूक नव्हती. सगळ्यांनी मिळून एकच शब्द निवडा, आणि जो एरवी घरात उच्चारला जात नाही तो निवडा, असे मॅडमनी सांगितले. आम्ही मावशींचा ‘कुंद्रु’ निवडला. सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांनी आयुष्यभर घरात मराठीखेरीज शब्द काढलेला नाही; पण त्याही आता हात वर करून स्पष्टपणे ‘कुंद्रु’ म्हणतात आणि हरणी टेकते. मावशींना याचा झालेला आनंद मी कधी विसरणार नाही.

हाकेच्या बाबतीतही अशीच एक सूचना होती जी प्रत्येकाने पाळावी: कुत्र्याला रागावण्यासाठी, आंघोळीसाठी किंवा औषध पाजण्यासाठी कधीही नावाने हाक मारून बोलावू नये, अशा वेळी आपण उठून त्याच्याजवळ जावे. हाकेला येण्याचा शेवट प्रत्येक वेळी गोड झाला, तरच समोर मांजर असतानाही कुत्रे यायचा विचार करते. हाक एकदाच मारायची, दहादा नाही. लांब दोरीवर हा सराव करताना मी पहिल्यांदा मोजले तर लक्षात आले, की मला तिचे नाव एका दमात पाच वेळा घ्यायची सवय आहे.

घरचा अभ्यास दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी पाच मिनिटे एवढाच असतो, पण तो चुकवून चालत नाही. खाऊ म्हणून मीठ न घालता उकडलेले चिकन वाटाण्याएवढे चिरून न्यायचे. शाकाहारी घरांसाठी पनीर. विकतची बिस्किटे हरणीसारख्या कुत्र्याला बगळ्यापुढे काहीच वाटत नाहीत. एका काकूंनी प्रेमाने सगळ्या कुत्र्यांसाठी लाडू करून आणले होते, ते मॅडमनी हळूच बाजूला ठेवायला लावले, कारण त्यात बेदाणे होते. द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा होऊ शकते. अथणी-विजयपूरकडची द्राक्षे आणि बेदाणे आपल्याकडे घरोघरी असतात, आणि मुले हातातले बेदाणे कुत्र्याला सहज देतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

या वर्गाची गुणवत्ता मला ज्या एका प्रसंगाने पूर्ण पटली तो सहाव्या रविवारचा. सात वाजून गेले होते, राजहंसगडाच्या बाजूने धनगरांची शे-दीडशे मेंढरे पाऊलवाटेने येत होती, बरोबर दोन कुत्री आणि एक घोडी होती. दुसऱ्या कोणी शिकवणारे असते तर त्यांनी वर्ग आटोपता घेतला असता. मॅडम मात्र धावत बांधावर गेल्या आणि पुढच्या धनगरमामांना म्हणाल्या, ‘मामा, दहा मिनिटं तिथंच थांबतासा काय? आमच्या कुत्र्यांची शाळा हाय.’ मामांनी ‘थांबतो की, त्यात काय’ म्हणत काठी आडवी केली आणि कळप बांधावरच्या गवताला लागला. मग मदतनिसाने प्रत्येक कुत्र्याला त्याच्या त्याच्या रेघेपर्यंत मागे नेले. हरणीला तर पार प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला, दोन आडोशांच्या मागे. तिथून दोन साड्यांमधल्या फटीतून एक-दोन मेंढ्या दिसत होत्या, तेवढ्याच. पाहिले, क्लिक, तुकडा. पाहिले, क्लिक, तुकडा. मग मदतनिसाने एक साडी हातभर सरकवली, मग आणखी हातभर. दहाव्या मिनिटाला हरणी गोधडीच्या तुकड्यावर पोट टेकून बसली होती, समोर शे-दीडशे मेंढरे उघडी दिसत होती आणि तिचा पाठीवरचा केस उभा नव्हता. धनगरांची दोन कुत्री एवढ्या वेळात बांधावर शांत पडून होती. मामांनी निघताना विचारले, ‘ह्येला किती पैसे घेत्यात?’ आणि मी सांगितल्यावर ते काही न बोलता हरणीच्या डोक्यावर हात फिरवून गेले.

सामूहिक वर्गाचा फायदा नेमका इथे आहे. घरी येऊन शिकवणारा माणूस तुमच्या अंगणात कुत्र्याला बसायला-उठायला उत्तम शिकवील, पण त्या अंगणात सहा कुत्री, मेंढरे आणि अनोळखी माणसे कुठून आणणार? अंगणात शिकलेले अंगणातच राहते, हे आमच्या घरी घडून चुकले होते. विचलित करणाऱ्या गोष्टी मुबलक आणि अंतर मात्र आपल्या ताब्यात, असा योग फक्त नीट चालवलेल्या सामूहिक वर्गातच येतो. अंतर ताब्यात नसेल तर तोच वर्ग अशा कुत्र्याला बिघडवतो, आणि तोही अनुभव मी घेतला आहे.

किंबहुना तो याच वर्गातही थोडासा घेतला, म्हणून तक्रारी स्पष्टपणे लिहिते. नोंदणीच्या वेळी सातच कुत्री घेणार असे सांगितले होते. पण चौथ्या रविवारी ओळखीतून आलेली आणखी दोन कुत्री घेतली गेली. आडोसे सातच होते. त्या दोघांपैकी एक मोठा जर्मन शेफर्ड, ज्याने पहिले तीन धडे पाहिलेलेच नव्हते, मालकाच्या हातून सुटून सरळ हरणीच्या अंगावर आला. चावा झाला नाही, मदतनिसाने मध्ये उभे राहून त्याला अडवले, पण जी रेघ चाळिसावरून एकतीस आणि एकतिसावरून बावीस पावलांपर्यंत आली होती, ती पुढच्या रविवारी अडतीसवर गेली. तीन आठवड्यांची मेहनत एका मिनिटात गेली, याचे दुःख मला अजून आहे. मॅडमनी त्या दिवशी सर्वांसमोर चूक मान्य केली, त्या दोघांना वेगळी वेळ दिली आणि मला दोन तास स्वतंत्रपणे, पैसे न घेता दिले. हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभले. तरीही पुढे नाव नोंदवणाऱ्यांनी ‘मध्येच कोणाला घेणार नाही’ हे आधीच वदवून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी तक्रार घरी न्यायच्या कागदांविषयी आहे. वर्गात मॅडम मराठीत आणि कन्नडमध्ये इतके सुंदर समजावतात, पण हातात देतात ती पाने इंग्रजीत आहेत. कुत्र्याबरोबर दिवसभर घरी असतात त्या आमच्या सासूबाई आणि मावशी; एकीला मराठी वाचता येते, दुसरीला कन्नड, आणि इंग्रजी दोघींनाही नाही. मी दर रविवारी दुपारी बसून ती पाने मराठीत लिहून काढत असे आणि मावशींना त्यांच्या मुलीकडून कन्नडमध्ये वाचून दाखवण्याची सोय करत असे. शेवटच्या रविवारची परीक्षा आणि प्रमाणपत्र हेही मला अनावश्यक वाटले. सर्व कुत्र्यांना एकाच अंतरावर एक मिनिट बसवून गुण दिले गेले, आणि ज्या वर्गाने आठ आठवडे प्रत्येकाची रेघ वेगळी मानली त्याने शेवटच्या दिवशी सर्वांना एकाच रेघेवर आणावे हे विसंगत आहे. हरणी चाळीस सेकंदांनंतर उठली. त्या दिवशी तिची स्वतःची रेघ अकरा पावलांवर आली होती, आणि माझ्या लेखी तिचा निकाल तोच आहे.

सोयींविषयी थोडक्यात. प्लॉटवर सावली आणि नळ नाही, पाणी व वाटी आपली न्यावी. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापू लागल्यावर वर्ग सव्वासहाला सुरू केला, ते योग्यच झाले. परतताना डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी आणि चटका बसला तर कुत्र्याला चालवू नये. पावसाळ्यात त्या काळ्या मातीत पाय ठरत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर वर्ग बंद असतो. आठ रविवारांचे मी साडेतीन हजार रुपये दिले. चुकलेला रविवार भरून मिळत नाही.

कुत्रे भित्रे असून माणसांवर किंवा कुत्र्यांवर धावून जात असेल, चावले असेल, तर थेट या वर्गात येऊ नये. मॅडम स्वतःच अशांना आधी एकट्याने भेटायला बोलावतात. सहा महिने ते दीड वर्ष या वयातल्या, अंगात वारे भरलेल्या, पण स्वभावाने निर्मळ कुत्र्यांसाठी हा वर्ग मला बेळगाव परिसरात पाहिलेल्या सर्व पर्यायांत उजवा वाटतो. मात्र आठ आठवडे हरणीसारखीला पुरत नाहीत. ती अजून मांजर दिसले की हातातून निसटू पाहते, आणि भाजीच्या बाजारात तिला नेण्याचे धाडस मी अजून केलेले नाही.

दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या पुढच्या टप्प्यासाठी मी तिचे नाव नोंदवले आहे. नोंदणीच्या वेळी मराठीत लिहून काढलेली माझी आठही पाने मॅडमना दिली आणि मावशींच्या मुलीने केलेली कन्नड पानेही सोबत जोडली. पुढच्या तुकडीला तिन्ही भाषांतली पाने मिळतील असे त्यांनी सांगितले आहे. तोवर रोज सकाळी साडेसहाला आम्ही दोघी गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहतो. दूधवाल्याची मोटारसायकल तिथून अकरा पावलांवरून जाते, कॅन एकमेकांवर आपटत असतात, आणि हरणी आधी तिच्याकडे पाहते, मग माझ्याकडे.